जोडीची जागा

आमच्या खोलीच्या दारावर पाटी एकच आहे आणि आत माणसं दोन. संस्थेने आम्हा नवरा-बायकोला मिळून एक जागा दिली तेव्हा सगळ्यांना केवढं कौतुक वाटलं होतं. एकाच विषयातली दोन माणसं लग्न करून बसली की दोघांना एका गावात नोकरी मिळणं कर्मकठीण, आणि आमचा प्रश्न थोरल्यांनी एका फटक्यात सोडवला. थोरले म्हणजे आमचे विभागप्रमुख. "एक जागा, एक खोली, एक क्वार्टर. भांडा, पण कामाच्या वेळेत नको," असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसले होते. मीही हसले होते. तेव्हा मला अशा गोष्टींचं हसू येत असे.

त्या दिवसापासून आम्ही 'जोडी' झालो. हे जोडीला विचारा. जोडी जेवायला गेलीय. जोडीकडून अहवाल आला का? एकदा मी एकटीच कॅन्टीनमध्ये गेले तर काउंटरवरच्या माणसाने न विचारता दोन चहा पुढे ठेवले. मी दोन्ही प्यायले. वाद घालायचाही कंटाळा आला होता.

माझ्या नवऱ्याला विभागात थंडोबा म्हणतात. इमारतीला आग लागली तर हा आधी कप विसळून ठेवेल आणि मग बाहेर पडेल. तो वाईट माणूस नाही, हे आत्ताच सांगून टाकते, कारण तो वाईट असता तर माझं काम फार सोपं झालं असतं. तो आवाज चढवत नाही, घरकामाला हात लावतो, माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकतो. फक्त माझी खुर्ची मागे सरकली की त्याच्या खुर्चीला लागते. वर्षानुवर्षं लागतेय. मी सुस्कारा टाकला की "काय झालं?" असं पाठीमागून येतं. माझं पेन पडलं की मी वाकायच्या आत तो उचलून देतो. संध्याकाळी घरी गेल्यावर त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नसतं, कारण दिवसभरात जे काय झालं ते दोघांच्या डोळ्यांदेखत झालेलं असतं. कधी कधी मला वाटतं, या माणसाने एकदा तरी खोटं बोलून कुठेतरी जावं. पण तो मला सांगितल्याशिवाय पाणी भरायलासुद्धा उठत नाही.

आमचं काम असं, की कोवळ्या तारकागुच्छाची नक्कल संगणकावर चालवायची. तारे बहुतेक घोळक्याने जन्मतात आणि त्या घोळक्यात बरेचसे जोडीजोडीने, एकमेकांभोवती फिरत. मग गर्दीत धक्काबुक्की सुरू होते. जे दोघं लांब लांब राहून फिरतात त्यांची जोडी पहिल्या काही धक्क्यांतच फुटते. जे एकमेकांना अगदी चिकटून असतात ते टिकतात, उलट धक्क्यांनी आणखी जवळ येतात. यांच्या मधल्यांचं काय होतं, किती जोड्या शिल्लक राहतात आणि किती फुटतात, हा आमचा प्रश्न. थंडोबा प्रोग्राम लिहितो, मी तो चालवते आणि निघालेल्या आकड्यांचा अर्थ लावते.

आता जवळच्या जोडीचा एक फेरा चटकन पुरा होतो. तशा हजारो जोड्यांचा एकेक फेरा बारकाईने मोजत बसलं तर मशीन जन्मभर त्यातच अडकेल. म्हणून एक सोय करतात. जोडी पुरेशी जवळ असेल आणि आसपास तिसरं कुणी नसेल, तर तिला गोठवायची. म्हणजे प्रोग्रामने त्या दोघांना एकच तारा धरून चालायचं. कुणी जवळ आलं की जोडी उकलायची आणि दोघांचं गणित पुन्हा वेगवेगळं मांडायचं. या पद्धतीने आम्ही असं दाखवलं होतं की मधल्या जोड्याही सहसा फुटत नाहीत. थोरले हा निष्कर्ष व्यासपीठावरून सांगत तेव्हा आमच्याकडे हात करून म्हणत, "जिवंत पुरावा पहिल्या रांगेत बसलाय." लोक हसत. आमच्या जागेची मुदत संपत आली की ती वाढवून घ्यायला हाच निष्कर्ष कामी येई.

मध्यंतरी मला दुसऱ्या एका वेधशाळेतून फोन आला. तिथल्या प्रमुख बाईंनी माझं एक भाषण ऐकलं होतं. त्या जरा चाचरतच म्हणाल्या, "जागा एकाच माणसाची आहे हं. तुम्हाला एकटीलाच घेता येईल." त्यांना ती अडचण वाटत होती. मी जिन्यात उभी राहून बोलत होते, ते 'एकटीला' कानावर पडलं आणि मी ते त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग त्या राहण्याबद्दल बोलल्या. कुटुंबवाल्यांची घरं तळमजल्यावर, पुढे अंगण. एकट्या माणसाला वरची एक खोली मिळते, ती लहान आहे, चालेल ना?

चालेल ना म्हणे! फोन ठेवायच्या आत मी त्या खोलीत राहायलाही गेले होते. टेबल खिडकीशी लावलं. खुर्चीवर बसून ती पार भिंतीपर्यंत मागे सरकवली. कशालाही लागली नाही.

उत्तर द्यायला त्यांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. मी त्याच दिवशी हो म्हणायला हवं होतं. पण आमच्या जागेचा नियम असा की दोघांपैकी एक गेला की जागा बरखास्त, आणि जागा गेली की क्वार्टर गेलं. म्हणजे मी बॅग उचलली की थंडोबा बेकार आणि सासूबाई रस्त्यावर.

सासूबाई आमच्याकडेच असतात, तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही आणि त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारलाय. दोन वर्षांत त्या फक्त दवाखान्यापुरत्या खाली गेल्या, त्याही खुर्चीत बसवून उचलून. एरवी त्या गॅलरीत बसून खालच्या लोकांशी वरूनच गप्पा मारतात, त्यामुळे आमच्या घरात काय चाललंय ते आख्ख्या वसाहतीला माहीत असतं. चांगली सासू ही फार मोठी अडचण असते. त्या कजाग असत्या, माझ्या स्वयंपाकात खोड्या काढत असत्या, तर मी त्यांच्या नाकावर टिच्चून गेले असते. पण मी कामावरून आले की त्या गॅलरीतली एकुलती एक खुर्ची सोडून धडपडत उठतात आणि म्हणतात, "बस गं, दिवसभर त्या कोंदट खोलीत होतीस." अशा बाईला सोडून जायला कुठल्या तोंडाने निघायचं?

म्हणून मी कुणाला काही सांगितलं नाही. आमच्या जागेचा ईमेलही दोघांत एकच, त्यामुळे बाईंना म्हटलं होतं की बोलायचं ते फोनवरच. एकदा त्यांच्या ऑफिसने तरीही तिकडेच माहितीपत्र पाठवलं, पण सुदैवाने ते न वाचलेलंच होतं. मी ते वाचलं आणि पुसून टाकलं.

मग ती दुपार आली. थंडोबा आईची औषधं आणायला गेला होता आणि खोली माझ्या एकटीची होती. थोरल्यांना भाषणात दाखवायला आमच्या गुच्छाची फिल्म हवी होती, ती मी जुळवत बसले होते. दोन गोठवलेल्या जोड्या समोरासमोरून आल्या आणि एकमेकींच्या अगदी अंगाला घासून निघून गेल्या. दोन्हींपैकी एकही उकलली नाही. वाटही बदलली नाही म्हणण्याइतपतच बदलली. मी फिल्म मागे घेऊन पुन्हा पाहिली. एवढ्या जवळून चार तारे गेले तर तिथे उलथापालथ व्हायला हवी. एखादी जोडी फुटणार, एखादा तारा भिरकावला जाणार. इथे तर दोन शेजारी जिन्यात नजर चुकवून गेल्यासारखं झालं.

मी प्रोग्राम उघडला. थंडोबाने हा भाग अगदी सुरुवातीच्या दिवसांत लिहिला होता, जेव्हा आमच्या गुच्छात जोड्या मोजक्या आणि सुटे तारे ढीगभर असत. सुटे तारे एका कप्प्यात, गोठवलेल्या जोड्या दुसऱ्या. आणि 'जवळ कुणी आलंय का' हे तपासताना प्रोग्राम फक्त सुट्यांच्या कप्प्यात बघत होता. तेव्हा त्याने फारसं बिघडत नव्हतं. पण पुढे आम्ही जवळजवळ सगळे तारे जोडीनेच जन्माला घालू लागलो, आणि ती तपासणी तशीच राहिली. जोड्यांना जोड्या दिसतच नव्हत्या. आमच्या मधल्या जोड्या टिकत होत्या कारण त्यांना धक्का देणारं जे होतं ते आम्ही त्यांच्यापर्यंत पोचूच दिलं नव्हतं.

यावर मला काय वाटायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. लाज, घाबरगुंडी, निदान छातीत धस्स. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. हा निष्कर्ष पडला तर जागेला मुदतवाढ मिळणार नाही. जागा आपल्या मरणाने मरेल. मी कुणाला सोडलं असं होणार नाही, कुणी मला बोल लावणार नाही. थंडोबासारख्या प्रोग्रामवाल्याला कुठेही काम मिळेल, तो आईला घेऊन तिकडे जाईल, मी माझ्या वरच्या खोलीत जाईन. मला सत्याचा पुळका आला म्हणून मी पुढचं सगळं केलं असं कुणी समजू नये. मला दार हवं होतं, आणि ते त्याच्याच हातून उघडं राहिलं होतं.

मी प्रोग्राम दुरुस्त केला आणि चाचणी म्हणून मशीनवर टाकून दिला. थंडोबाने विचारलं, "काय चालवतेयस?" मी म्हटलं, "किरकोळ." माझ्या एवढ्या वर्षांच्या संसारातलं हे पहिलं खोटं, आणि ते इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. काही दिवसांनी निकाल आला. मधल्या जोड्या पटापट फुटत होत्या. बऱ्याचदा चारांतला एक तारा गुच्छाबाहेर फेकला जात होता. मी काम सोडून त्या फेकल्या गेलेल्यांकडेच बघत बसायचे. त्यांचं पुढे काय होतं हे आमचा प्रोग्राम सांगत नाही, एका हद्दीपलीकडे गेला की तारा मोजणीतून वगळला जातो. मला त्यांचा हेवा वाटायचा. ताऱ्यांचा हेवा! पण वाटायचा.

हे सगळं विभागाच्या बैठकीत मांडायचं मी ठरवलं. बैठकीच्या आदल्या दिवशी जेवताना सासूबाई म्हणाल्या, "खालच्या गवतावर एकदा पाय टेकवायची फार इच्छा आहे गं. पण आता मी उतरेन ती चौघांच्या खांद्यावरून."

"आई, जेवताना काय हे!" थंडोबा म्हणाला.

"मग काय, चौघं तरी मिळतील का ते बघून ठेव. मी काही हलकी नाही."

त्या स्वतःच हसल्या. थंडोबाने माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "बघतो काहीतरी." मी ताटात मान घातली. त्याला आत्ताच सगळं सांगून टाकावं असं क्षणभर वाटलं. पण सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, चल, दोघं मिळून थोरल्यांना सांगू. दोघं मिळून! मी भात कालवत राहिले.

बैठकीत मी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. एकीत जोड्या निमूट एकमेकींना ओलांडून जात होत्या, दुसरीत फुटत होत्या. मग प्रोग्रामची ती ओळ पडद्यावर आणली.

"हे कधीपासून आहे?" थोरल्यांनी विचारलं.

"सुरुवातीपासून."

मी थंडोबाकडे बघायचं टाळत होते. तो उठून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज नेहमीचाच. "बरोबर आहे तिचं. ती ओळ माझी आहे. मी जोड्या वाढवल्या आणि तपासणी वाढवायला विसरलो." एवढं बोलून तो बसला आणि पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला, कारण बोलून बोलून माझा घसा सुकल्याचं त्याला कळलं होतं. मला त्या पेल्याचा इतका राग आला की मी तहानलेलीच राहिले.

थोरल्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे मी गावभर काय सांगत फिरलो?" उत्तराची त्यांना अपेक्षा नव्हती. चष्मा पुन्हा चढवून ते म्हणाले, "तुम्ही सांगितलंत हे चांगलं केलंत. पण मुदतवाढ मी याच निष्कर्षावर मागितली होती. आता ती मागता येणार नाही. वर्षअखेरीला जागा संपेल. मला खरंच वाईट वाटतंय."

मी वाईट वाटल्याचा चेहरा केला. आत मात्र छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं झालं होतं. कॉरिडॉरमधून चालताना मी वाक्य जुळवत होते. मला एक जागा मिळतेय. ती एकाच माणसाची आहे. तू आईला घेऊन तुझं बघ, मी माझं बघते. साधी, सरळ वाक्यं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याच्याविषयी माया वाटत होती, जाताना वाटते तशी.

तो बराच मागे राहून फोनवर बोलत येत होता. खोलीत आल्यावर त्याने दार लोटलं. मी तोंड उघडलं, पण तोच आधी बोलला.

"काळजी करू नकोस. वेधशाळेचं मला माहीत आहे."

"कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"त्यांच्या ऑफिसचं ते माहितीपत्र आपल्या ईमेलवर आलं होतं ना, ते मी तुझ्याआधी पाहिलं. मग पुन्हा न वाचलेलं करून ठेवलं. म्हटलं, तू सांगशील. पण तू सांगेनास, आणि झुरत होतीस. मला कळत नाही का? तू आमच्यासाठी अडून बसली होतीस. माझ्यासाठी, आईसाठी."

"मी..."

"थांब, ऐक तरी. मी गेल्या आठवड्यात त्या बाईंना फोन केला. त्यांना म्हटलं, आम्हाला एका जागेत दोघं राहायची सवय आहे. त्या म्हणाल्या विचारून सांगते. आज सकाळी त्यांचा होकार आला. बैठकीनंतर तुला सांगणार होतो, तर तूच बॉम्ब टाकलास." तो हसला. थंडोबाला मी इतकं हसताना पाहिलं नव्हतं. "आत्ता येता येता त्यांना या चुकीचंही सांगून टाकलं. लपवायचं कशाला? त्या म्हणाल्या, आपली चूक आपणहून दाखवणारी जोडीच आम्हाला हवी आहे."

"पण ती जागा एकटीची होती," मी म्हटलं.

"होती. आता दोघांची झाली."

"मला न विचारता?"

"तू तरी बैठकीआधी मला कुठे सांगितलंस?" तो म्हणाला, आणि त्यात डिवचण्याचा लवलेशही नव्हता. "फिट्टंफाट." मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला किंचाळावंसं वाटलं. मला म्हणावंसं वाटलं की अरे बाबा, मी तुमच्यासाठी अडले नव्हते, मी तुमच्यातून सुटायला बघत होते. वाक्य तयार होतं, अगदी जिभेवर होतं. पण त्याचा चेहरा असा काही उजळला होता की ते उच्चारायला दुसरं कुणीतरी माणूस लागलं असतं, माझ्याहून धीट किंवा माझ्याहून दुष्ट. मी ठरवलं, घरी गेल्यावर सांगायचं. आज, काहीही झालं तरी. कामाच्या जागी नको, घरी.

मी मागे सरकले. माझी खुर्ची त्याच्या खुर्चीला लागली.

त्याला थोरल्यांकडे थांबावं लागलं म्हणून मी एकटीच घरी गेले. जिना चढताना वाक्य पुन्हा पाठ केलं. आधी सासूबाईंना सांगायचं, म्हणजे मग त्याला सांगणं भागच पडेल आणि मला माघार घेता येणार नाही. दार उघडंच होतं. सासूबाई पुढच्या खोलीत जमिनीवर बसल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून त्या कधी खाली बसत नाहीत, पण बसल्या होत्या, पाय लांब करून, आणि समोर खोकं ठेवून एकेक कप वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.

"आई, हे काय?"

"त्याने मघाशी फोन केला होता. अजून वेळ आहे म्हणाला, मला माहितीय. पण मला धीर कुठला धरवतोय?" त्यांनी एक कप गुंडाळून खोक्यात ठेवला. "तू माझ्या शेजारी बस जरा. मला तुझ्याशी बोलायचंय."

मी बसले. आता बोलायचं, मी मनाशी म्हटलं. आत्ताच. "आई, मलाही तुमच्याशी..."

"हो गं, बोल तू, पण आधी मला एक सांग. तो मला काहीही सांगतो, बरं वाटावं म्हणून. तू नाही तसं करत." त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या बोटांना छपाईची शाई लागली होती. "तिथे घर खाली आहे, पुढे अंगण आहे, असं म्हणाला तो. जिना अजिबात नाही म्हणे. खरं आहे का ते?"

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. गॅलरीचं दार उघडं होतं आणि खालून कुणीतरी त्यांना हाक मारत होतं, पण त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"खरं आहे," मी म्हटलं. "दारातून थेट अंगणात."

त्यांनी डोळे पुसले. मी वर्तमानपत्राचं एक पान घेतलं आणि पुढचा कप उचलला.